चामखिळीला खाट लागत नाही

महाराष्ट्रात सरकारी योजनेच्या किंवा विम्याच्या पैशाने उपचार हवे असतील तर रुग्णाला आधी खाटेवर आडवं व्हावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंतचं आहे. पण तिचा सगळा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. धर्मादाय रुग्णालयांवर बंधन आहे तेही खाटांचंच: १० टक्के निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. खासगी आरोग्य विमा २४ तास दाखल राहण्याची अट घालतो, ‘डे केअर’ला, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडता येणाऱ्या उपचारांना, त्यातून सूट देतो आणि त्याच व्याख्येच्या शेवटी लिहून ठेवतो, की एरवी बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार यात धरले जाणार नाहीत.

मानेवरची चामखीळ, पाठीवरची चरबीची गाठ, नाकाच्या कडेला हळूहळू वाढत चाललेला काळा चकचकीत फोड यांना खाट लागत नाही. एक टेबल, चांगला दिवा, भुलीचं इंजेक्शन आणि अर्धा तास एवढ्यात काम होतं. म्हणूनच त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. विमा कंपनी ‘कॉस्मेटिक’ म्हणून हात वर करते. दवाखान्याने बिलावर तोच शब्द लिहिला तर जीएसटीही लागतो, कारण आजारावरचा उपचार करमुक्त आहे, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नाही. आणि घरातले म्हणतात, दुखत नाही ना, मग राहू दे.

आमचं म्हणणं असं, की हे काम ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ठरलेल्या वारी झालं पाहिजे आणि त्यात काढण्यापेक्षा तपासणीला आधी जागा मिळाली पाहिजे. गाठ काढणं मुळात स्वस्तच आहे. खर्च आणि धोका वाढतो तो कोणी न बघता काढल्यामुळे.

आज लोक करतात काय? पहिला मार्ग घरचा. बिब्बा गरम करून त्याचं तेल चामखिळीवर किंवा कुरुपावर लावायचं. याच तेलाने परीट कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत, यावरून ते कातडीला काय करत असेल याचा अंदाज यावा. चामखीळ जळते, पण भोवतीच्या कातडीवर फोड येतात, कधी सगळ्या चेहऱ्याला सूज येते आणि डाग महिनोन् महिने जात नाही. दुसरा उपाय खाण्याचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून लावण्याचा. या दोन्हींचा पाण्यात संयोग झाला की कॉस्टिक सोडा तयार होतो. अॅसिडची जखम बरेचदा वरच्या थरातच थांबते, क्षाराची मात्र आत उतरत जाते. सुरुवातीला फारसं झोंबत नाही म्हणून माणूस लेप ठेवून देतो आणि सकाळी खड्डा पडलेला असतो. रुईचा चीक डोळ्याजवळ लावणं तर डोळ्याशी खेळ. केसाने किंवा रेशमाच्या धाग्याने बांधण्याची पद्धत त्या मानाने कमी वाईट. देठ सुतासारखा बारीक असेल तर रक्तपुरवठा तुटून चामखीळ काळी पडते आणि गळते. पण बूड रुंद असेल तर ती अर्धीच मरते, पू होतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला तो पू महागात पडतो.

दुसरा मार्ग पार्लरचा आणि जत्रेतल्या टपरीचा. तिथे जाळण्याचं पेन असतं, सुई एका गिऱ्हाइकावरून दुसऱ्याकडे जाते, आणि त्या सुईबरोबर हिपॅटायटिस बी आणि सीसुद्धा जाऊ शकतो. दाढीतली चामखीळ हा वेगळाच प्रकार आहे: ती विषाणूची असते, आणि त्यावरून वस्तरा फिरला की त्याच रेघेत नव्या चामखिळी उगवतात. अशा माणसाने चामखिळी जाईपर्यंत दाढी कात्रीने किंवा ट्रिमरने करावी आणि वस्तरा दुसऱ्याला देऊ नये.

तिसरा मार्ग शहरातल्या चकचकीत क्लिनिकचा. तिथे चामखिळी नगावर मोजल्या जातात आणि ‘लेझर’ या शब्दाचे वेगळे पैसे पडतात. कार्बन डायऑक्साइड लेझर हे उत्तम हत्यार आहे, त्याची निंदा करायचं कारण नाही. पण मानेवरच्या देठाच्या चामखिळीसाठी बारीक वाकडी कात्री आणि बुडाशी कॉटरीचा (विजेवर तापणाऱ्या डागणीचा) एक स्पर्श जेवढं काम करतात, त्याहून लेझर फार काही जास्त देत नाही.

या तिन्ही मार्गांत एक दोष सारखा आहे. बिब्बा, चुना, पेन, लेझर, सगळेच गाठ जाळून टाकतात. तपासायला काही उरत नाही. साधी चामखीळ असेल तर उरायची गरजही नसते. पण ती साधी आहे हे आधी कोणीतरी जाणत्याने बघून ठरवलेलं हवं.

आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या कातडीच्या देशांच्या तुलनेत फार कमी आहे, हे खरं. त्यामुळे प्रत्येक तिळाला घाबरायचं कारण नाही. पण जो होतो तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात होतो, म्हणून इंटरनेटवरची परदेशी चित्रं बघून माणूस फसतो. तिळाचा घातक कर्करोग, मेलानोमा, आपल्याकडे बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो. तळपायावरचा पसरत जाणारा काळा डाग काटा मोडला किंवा कुरूप झालं म्हणून ब्लेडने तासला जातो. नखांवर बारीक काळसर उभ्या रेघा अनेक बोटांना असतील तर सावळ्या माणसात ते सहसा नेहमीचंच. पण एकाच अंगठ्याच्या नखात नवी रेघ उमटली, ती रुंद होऊ लागली आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात दाखवावं. चेहऱ्यावरचा बेसल सेल कर्करोग गोऱ्या माणसात गुलाबी मोत्यासारखा दिसतो, आपल्याकडे तो बहुधा काळा असतो. नाक, पापणी, गाल या ठिकाणी काळा, चकचकीत, कडेला मणी ओवल्यासारखा उंचवटा आणि मध्ये खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारा खळगा, हे त्याचं रूप. घरचे त्याला मस म्हणतात आणि वर्षं जातात. सुदैवाने तो शरीरात दूर क्वचितच पसरतो. पण जागेवर कुरतडत जातो, आणि पापणीजवळ उशिरामुळे झालेली २ मिलिमीटरची वाढसुद्धा मोठी शस्त्रक्रिया मागते.

आणखी एक जागा आहे कंबर. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. धोतर गेलं, परकराची नाडी राहिली. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी वयस्कर स्त्रियांमधल्या अशा दोन केसेस वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. वर्षानुवर्षं कंबरेला घट्ट बांधलेल्या कपड्याच्या काचाखाली न भरणारी जखम, आणि तपासल्यावर कर्करोग. उपाय साधा आहे: नाडी रुंद पट्ट्याची, बांधायची जागा अधूनमधून वर-खाली, कातडी काळी-खरखरीत झाली तर सैल कपडा. तिथली जखम ४ आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. जुन्या भाजल्याच्या वणावर वर्षांनंतर उगवलेली जखम, तिलाही हाच नियम.

कानाच्या पाळीवर आणि चेहऱ्यावर एकदम बऱ्याच गुळगुळीत गाठी आल्या असतील तर त्या कापायच्या नसतात. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि गाठी औषधाने बसतात. मान-काखेत देठाच्या चामखिळी भराभर वाढत असतील, सोबत मान मखमलीसारखी काळी पडली असेल, तर कात्रीच्या आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासावं. चामखीळ काढून माणूस खूश होऊन घरी गेला आणि मधुमेह तसाच राहिला, हे नगावर पैसे घेणाऱ्या व्यवस्थेत रोज घडू शकतं, कारण तिथे प्रश्न ‘किती काढायच्या?’ एवढाच असतो.

आता काढण्याकडे. लहान मुलांच्या हातावरच्या विषाणूच्या चामखिळी दोन वर्षांत बऱ्याचशा आपोआप जातात. थांबायचं नसेल तर सॅलिसिलिक अॅसिड १६.७ टक्के आणि लॅक्टिक अॅसिड १६.७ टक्के असलेलं पातळ औषध मेडिकलमध्ये मिळतं. रोज रात्री ५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचं, मऊ झालेला पांढरा थर नेल फाइलने घासायचा (ती फाइल मग दुसऱ्या कशालाही वापरायची नाही), भोवती व्हॅसलिन लावायचं आणि थेंब चामखिळीवरच टाकायचा. याला १२ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि औषध खोटं म्हणतात. चेहरा, गुप्तांग आणि मधुमेहाने बधिर झालेला पाय, इथे हे औषध चालत नाही. तळपायाला कुरूप आहे की चामखीळ हे ओळखायचं तर सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप, दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती चामखीळ. आणि वरचा थर तासला की चामखिळीत काळे ठिपके दिसतात.

पाठीवरची पिशवीची गाठ, जिच्या मधोमध काळं छिद्र असतं, ती सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या पद्धतीने हाताळली जाते. लोक पिळतात. वासाचा पांढरा भुगा निघतो, गाठ बसते, तीन महिन्यांत परत येते, कारण पिशवी आतच असते. पिळण्याने पिशवी आतल्या आत फुटली तर लाल, टणक, दुखरी गाठ होते. त्या अवस्थेत ती नीट काढता येत नाही, फक्त पू मोकळा करून ४ ते ६ आठवडे थांबावं लागतं. शांत असताना काढली तर काम सरळ आहे. भूल देण्याआधी पेनाने गाठीची कड आखून घ्यायची, कारण इंजेक्शनचं पाणी भरलं की कड बोटाला लागत नाही. लिग्नोकेन हे भुलीचं औषध गाठीच्या भोवती भरायचं, आत नव्हे. आत भरलं तर दाबाने पिशवी फुटते. छिद्रासकट डोळ्याच्या आकाराचा छेद, मग कात्रीची बोथट टोकं उघडत पिशवी सुटी करत जायची. फुटलीच तर भिंतीचा एकेक तुकडा वेचून काढायचा. टाके पाठीवर १० ते १४ दिवस, चेहऱ्यावर ५ ते ७. पाठीचे टाके सातव्या दिवशी काढले तर जखम उकलते, चेहऱ्याचे दोन आठवडे ठेवले तर रुळासारख्या खुणा राहतात.

चरबीची गाठ मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर राहू द्यावी. ५ सेंटिमीटरहून मोठी, खोल, दुखरी किंवा वाढती असेल तर आधी सोनोग्राफी. छातीच्या मध्यावर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर निरुपद्रवी गाठ असेल तर आमचा सल्ला हात न लावण्याचा. या जागी कातडी वाढीव व्रण धरते आणि वाटाण्याएवढ्या गाठीच्या जागी बोराएवढा केलॉइड मिळतो.

आता बाटलीबद्दल. काढलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात), तुकड्याच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत जायला हवा. प्रत्यक्षात तो सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा रिकाम्या इंजेक्शनच्या बाटलीत कोंबून नातेवाइकाच्या हातात दिला जातो. सलाइनमध्ये पेशी सडतात. अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा कडक झाल्यावर बाहेरच येत नाही, तो चिमट्याने तोडून काढावा लागतो. नाव, वय, केसपेपरचा नंबर, शरीरावरची जागा आणि तारीख हे लेबल बाटलीच्या अंगावर लावायचं, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. आणि सोबतच्या कागदावर नुसतं ‘स्किन बायॉप्सी’ लिहून भागत नाही. गाठ किती दिवसांची, वाढते का, डॉक्टरला शंका कशाची, हे कळलं नाही तर तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट अंधारात तीर मारतो. शंकास्पद काळी गाठ वरवर खरवडून पाठवू नये. मेलानोमा किती खोल गेला यावरच पुढचे सगळे उपचार ठरतात आणि खरवडल्यावर ती खोली मोजता येत नाही. जमेल तिथे २ मिलिमीटर कड ठेवून पूर्ण काढावी.

यातलं काय ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्याबाहेर आहे? ३० खाटांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असतं, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह असतो, एमबीबीएस डॉक्टर असतात. लिग्नोकेन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ३० मिलीच्या एका बाटलीत कितीतरी छोट्या गाठी होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, म्हणजे पैशाचा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याला बर्फ लागत नाही. रक्ताचे आणि थुंकीचे नमुने गावोगावून प्रयोगशाळेत नियमित जातात, त्याच गाडीत आठवड्याला दहा बाटल्या जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजीला जाऊ शकतात.

द्रवरूप नायट्रोजनचं तर हसावं की रडावं कळत नाही. उणे १९६ अंशांच्या या द्रवाचा काही सेकंदांचा फवारा हा चामखिळीवरचा जगभर रुळलेला उपाय. मोठ्या रुग्णालयांबाहेर तो माणसांसाठी सहसा मिळत नाही, कारण पुरवठा नाही असं सांगितलं जातं. आणि त्याच तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या याच द्रवात ठेवलेल्या असतात. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी ही साखळी काही दशकांपूर्वीच गोठ्यापर्यंत नेली. दोन खात्यांनी एकाच टँकरकडून कंटेनर भरून घ्यायला कायदा बदलावा लागत नाही. सावळ्या कातडीवर या फवाऱ्याने पांढरट डाग राहू शकतो, तेव्हा चेहऱ्यावर जपून. हातापायांना तो चांगला.

शोधण्यासाठी वेगळी मोहीम नको. कुष्ठरोग शोध अभियानात आशा सेविका घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघतातच. त्यांच्या तक्त्यात दोन ओळी वाढवाव्यात: महिन्याहून जास्त न भरलेली जखम आहे का, आणि तळपाय-तळहात-नखावर नवा काळा डाग आहे का. संशय वाटला तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून त्वचारोगतज्ज्ञाला फोटो जाऊ शकतो. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, एक हातभर अंतरावरून आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

आक्षेप ठरलेले आहेत. मोफत म्हटलं की लोक सौंदर्यासाठी रांग लावतील, हा पहिला. लावतील. म्हणून तपासणी सर्वांना मोफत आणि निव्वळ दिसण्यासाठी काढायचं असेल तर नाममात्र शुल्क, असं स्पष्ट लिहिता येतं. शिवाय ‘सौंदर्य’ इतक्या सहज म्हणू नये: मंगळसूत्रात रोज अडकून रक्त येणारी चामखीळ ही बाईला तक्रारच आहे. दुसरा आक्षेप पॅथॉलॉजिस्टवर बोजा पडेल हा, आणि तो जास्त खरा आहे. प्रत्येक चामखीळ लॅबला पाठवायची असा फतवा निघाला तर दोन महिन्यांत यंत्रणा तुंबेल. नेहमीच्या रूपाच्या देठाच्या आणि विषाणूच्या चामखिळी पाठवू नयेत, केसपेपरवर निदान लिहून पुरे. पण एकटी, काळी, वाढणारी, रक्त येणारी किंवा डॉक्टरला नाव ठेवता न येणारी गाठ बाटलीतच गेली पाहिजे. तिसरा आक्षेप, एमबीबीएस डॉक्टरला जमणार नाही. पिशवीची गाठ काढणं जमतं. पापणीजवळची, नाकावरची आणि मेलानोमाची शंका असलेली गाठ त्याने काढूच नये, वर पाठवावी.

हे होईपर्यंत ज्याच्या अंगावर गाठ आहे त्याने कुठे जावं? आधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा किंवा शस्त्रक्रिया विभागात. शहरात केईएम, सायन, ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, इथल्या त्वचा विभागात केसपेपरच्या किमतीत तज्ज्ञ बघतो. बघण्यासाठी सरकारी तज्ज्ञ आणि साधी निघाली तर काढायला गावातला विश्वासू सर्जन, ही जोडी खिशाला परवडते. खासगीत जायचं तर डॉक्टरची पदवी बघावी: त्वचेसाठी एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशी पाटी म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाची पदवी नव्हे. दर नगावर की बसण्यावर, तपासणीचे पैसे त्यात धरलेत का, हे भूल देण्याआधी विचारावं. बिलावर ‘मोल रिमूव्हल’ऐवजी निदान लिहून मागावं. आणि तुकडा तपासला गेला असेल तर रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा कुठे ठेवलाय हे विचारून ठेवावं. पुढे टाटाला जायची वेळ आलीच तर तिथे कागदाबरोबर तेही मागतात.